कौटुंबिक न्यायालयात वकिलाशिवाय: मोफत मदत कोणाला, कुठे आणि कोणत्या कागदांवर

कौटुंबिक न्यायालयात स्वतःची बाजू स्वतः मांडायला कुणाची परवानगी लागत नाही. परवानगीचा प्रश्न येतो तो वकिलाचा. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १३ नुसार इथे वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क नाही. प्रत्यक्षात ही परवानगी सर्रास मिळते, समोरच्या बाजूला बहुधा वकील असतोच आणि एकटा आलेला पक्षकार पहिल्याच तारखेला गांगरतो. न्यायालयाला गरज वाटली तर ते कायद्याच्या जाणकाराला न्यायमित्र म्हणून बोलावू शकते, पण तो मदत करतो न्यायालयाला. तो तुमचा वकील नसतो.

त्यामुळे केवळ खर्चापायी एकटे उभे राहणार असाल, तर दावा किंवा उत्तर लिहायला घेण्याआधी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन या. ते जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे आणि अर्ज ऑनलाइनही करता येतो.

पात्रता: उत्पन्नाची अट सगळ्यांना नाही

बरेच जण इथेच माघार घेतात. ‘माझी नोकरी आहे, मला कोण फुकट वकील देणार’ असे स्वतःच ठरवून टाकतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ चे कलम १२ वेगळे सांगते. स्त्री, बालक, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेली व्यक्ती, मानवी तस्करी किंवा वेठबिगारीला बळी पडलेली व्यक्ती, पूर-भूकंपासारख्या आपत्तीने ग्रस्त व्यक्ती, या सर्वांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी सेवा मिळू शकते. पगारदार बाईलाही. उत्पन्नाची मर्यादा लागू होते ती या गटांबाहेरच्यांना आणि महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपये आहे. म्हणजे कमी उत्पन्नाचा नवराही अर्ज करू शकतो. ही सोय फक्त बायकांसाठी आहे, हा गैरसमज आहे. मात्र प्रकरणात सकृद्दर्शनी तथ्य आहे की नाही, हे प्राधिकरण पाहते.

कागदपत्रे

ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा. ज्या गटातून अर्ज करता त्याचा दाखला, म्हणजे जातीचा दाखला किंवा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र. स्त्रीला वेगळा दाखला लागण्याचे कारण नाही. उत्पन्नाच्या आधारावर अर्ज असेल तर तहसीलदारांचा दाखला सोबत असलेला बरा. पण नसला म्हणून अडून बसू नका, कारण याच विधी सेवा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे उत्पन्नाचे शपथपत्रही सामान्यतः पुरेसे मानले जाते. सोबत प्रकरणाचे जे काही हाती असेल ते न्यावे: समन्स, दाव्याची प्रत, लग्नाचा दाखला, आधीचे आदेश. लिहिता-वाचता येत नसेल तर तोंडी माहिती दिली तरी कार्यालयाने ती लिहून घ्यायची असते.

अर्जावर सात दिवसांत निर्णय व्हायला हवा. नकार आला तर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येते. नेमून दिलेल्या वकिलाला तुमच्याकडून पैसे घेता येत नाहीत. ‘थोडे वरखर्चाचे’ मागितले तर सरळ प्राधिकरणाच्या सचिवांना सांगा. आणि तारखांना स्वतःच उभे राहायचे ठरवले असेल तरी प्राधिकरणाचे दार बंद होत नाही. कायद्यातील ‘विधी सेवे’त नुसता सल्लाही येतो. माझ्या मते एकट्याने लढणाऱ्याला याचाच सर्वाधिक उपयोग होतो.

न्यायालयात कोणाला काय विचारावे

फाइलिंग काउंटरवरचे कर्मचारी प्रती किती, स्टॅम्प किती, पुढची तारीख कोणती हे सांगतील. महाराष्ट्रात १९९४ पासून घटस्फोट, पोटगी अशा प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, हेही तिथे विचारून घ्या. ‘मी काय लिहू म्हणजे जिंकेन’ हे मात्र त्यांना विचारू नका. तो त्यांचा अधिकार नाही आणि कुणी सांगितलेच तर त्यावर विसंबू नका.

विवाह समुपदेशकाकडे प्रकरण पाठवले जाते, कारण समेटाचा प्रयत्न करणे हे कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ९ प्रमाणे न्यायालयाचे कर्तव्यच आहे. तिथले बोलणे गोपनीय असते, म्हणून मुलांबद्दल, राहण्याबद्दल नेमके काय हवे ते मोकळेपणाने सांगावे. तडजोडीच्या कागदावर मात्र त्याच दिवशी सही करण्याची घाई नको. आधी तो विधी सेवेच्या वकिलाला दाखवा. घरात मारहाण होत असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जावे; महिला हेल्पलाइन १८१.

भाऊ किंवा मैत्रीण सोबत आली तर आधार वाटतो, पण वकील नसलेल्याला न्यायालयाच्या परवानगीशिवाय तुमच्या वतीने बोलता येत नाही.

जिथे कौटुंबिक न्यायालयच नाही, तिथे घटस्फोटाचा दावा वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात आणि पोटगीचा अर्ज प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. विधी सेवेचे नियम तेच.

शपथपत्र आणि मुदती

पोटगीच्या प्रकरणात, मग ते हिंदू विवाह कायद्याखालचे असो की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालचे (पूर्वीचे १२५), दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचे शपथपत्र द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२० च्या निकालाने ते बंधनकारक केले. पगारपत्रके, बँकेचे उतारे, प्राप्तिकर विवरणपत्रे, कर्जाचे हप्ते, मुलांची फी, घरभाडे हे सगळे त्यात येते. एकट्याने लढणाऱ्याचे प्रकरण अडकते ते बहुधा इथे: रकाने रिकामे राहतात किंवा खर्च अंदाजाने लिहिला जातो. उलटतपासणीत त्याच आकड्यांवर बोट ठेवले जाते. पावत्या जोडता येतील तेवढाच खर्च लिहावा, बाकीच्या खर्चासमोर ‘अंदाजे’ असे स्पष्ट म्हणावे.

समन्स मिळाले की कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, ३० दिवसांत द्यायची असते. न्यायालय कारण नोंदवून ९० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकते. गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा झाला तर तो रद्द करण्याच्या अर्जाला ३० दिवस आहेत. समन्सच मिळाले नव्हते, तर हुकूमनामा कळल्यापासून ३० दिवस. प्रत्येक प्रकरणाला मिळणारा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक टिपून ठेवा, ई-कोर्ट्स ॲपवर तारीख घरबसल्या दिसते.

अंतिम निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याची मुदत साधारणपणे ३० दिवस, हिंदू विवाह कायद्याखालच्या निकालाला ९० दिवस. कलम १४४ च्या पोटगी आदेशाविरुद्ध अपील नसते, पुनरीक्षण (रिव्हिजन) अर्ज करावा लागतो. निकालाच्या दिवशीच प्रमाणित प्रतीसाठी अर्ज टाकावा; प्रत मिळायला लागलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वगळले जातात. उच्च न्यायालयाची विधी सेवा समिती वेगळी आहे, तिथे मोफत मदतीसाठी पुन्हा नवा अर्ज करावा लागतो.