लॉनवरची एस्प्रेसो आणि कॅफेतली एस्प्रेसो

एस्प्रेसो या नावाने नागपुरात दोन अगदी वेगळी पेयं मिळतात. एक लग्नाच्या लॉनवर, केटररच्या स्टीलच्या मशीनशेजारी. दुसरी धरमपेठ, रामदासपेठ, सदरकडच्या कॅफेत, काउंटरवर. दोन्हीकडे वाफ, दोन्हीकडे फुसफुस, दोन्हीकडे वर फेस, म्हणून गल्लत होते. या गल्लतीचा फटका एस्प्रेसोला बसतोच, पण लाटेला, म्हणजे एस्प्रेसोत वाफवलेलं दूध घालून होणाऱ्या कॉफीला, त्याहून जास्त बसतो.

लॉनवरच्या मशीनमध्ये कॉफी कधी शिरतच नाही. आत फक्त पाणी असतं, ते उकळून वाफ साठते. कॉफीवाला इन्स्टंट कॉफी, साखर आणि दूध एकत्र करून त्यात वाफेची नळी सोडतो. दूध तापतं, फुगतं, वरून चॉकलेट पावडर भुरभुरतात. डिसेंबरच्या थंडीत जेवणानंतर ही कॉफी फार छान लागते, तिला कमी लेखायचं काहीच कारण नाही. पण ती दुधाची कॉफी आहे.

कॅफेतलं मशीन कॉफी काढतं. बारीक दळलेली कॉफी हँडलच्या जाळीत दाबून बसवायची आणि नव्वदीच्या थोड्या वर तापलेलं पाणी 9 बार दाबाने तिच्यातून ढकलायचं. 9 बार म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या जवळपास नऊपट. इटलीतलं रूढ माप 7 ग्रॅम कॉफी, 25 सेकंद, 25 मिलिलिटर. एका वेळी काढलेल्या एवढ्या कॉफीला शॉट म्हणतात. हल्लीच्या कॅफेत बहुतेक डबल शॉट काढतात: 18 ग्रॅम कॉफीतून 25 ते 30 सेकंदांत साधारण 36 ग्रॅम. दुधाचा थेंबही नाही. वर जो तांबूस थर येतो तो क्रेमा. भाजलेल्या बियांत अडकलेला कार्बन डायऑक्साइड दाबाखाली पाण्यात विरघळतो आणि कपात येताच फेस होऊन सुटतो.

तशी ही दोन्ही मशीनं एकाच घराण्यातली. मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी 1901 मध्ये पेटंट घेतलेलं यंत्र बॉयलरच्या वाफेच्या जोरावरच चालायचं. पाणी कॉफीतून जायचं खरं, पण दाब जेमतेम दीड बार, त्यामुळे क्रेमा नाही. अकिले गाजिया यांनी 1938 मध्ये पेटंट घेतलं, महायुद्धानंतर त्यांची दांडा ओढून चालवायची मशीनं आली आणि दाब एकदम वाढला. आज ज्याला आपण क्रेमा म्हणतो तो तेव्हापासूनचा. 1961 च्या फाएमा ई61 ने दांड्याची मेहनत विजेच्या पंपाकडे दिली. लॉनवरच्या मशीनने यातली वाफ तेवढी ठेवली आणि कॉफीतून पाणी ढकलणं सोडून दिलं.

आता बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, खरेदी आटोपून एखादं कुटुंब कॅफेत शिरतं. बोर्डावर ओळखीचं नाव एकच, एस्प्रेसो, आणि बहुधा सगळ्यात स्वस्तही तीच. समोर दोन घोटांचा काळा कप येतो. "भाऊ, एवढीशीच?" कप परत जातो. काउंटरवरच्या पोराने ऑर्डर घेतानाच "दुधाशिवाय असते, छोटी असते" एवढं सांगितलं तर कोणाचाच हिरमोड होणार नाही. काही ठिकाणी मात्र तक्रारींना कंटाळून शॉटच लांबवतात: कॉफी तेवढीच, पाणी दुप्पट. कप भरलेला दिसतो, पण शेवटी उतरणारं पाणी पातळ आणि कडू असतं. मग हीच सवय लाटेलाही लागते.

कारण लाटे म्हणजे तोच शॉट आणि वर साधारण दोनशे मिलिलिटर वाफवलेलं दूध. कॅपुचिनोत दूध कमी, फेस जाड. लॉनवरची चव हवी असेल तर कॅफेत कॅपुचिनो मागा, साखर घाला, वर कोको भुरभुरायला सांगा. जवळात जवळ तीच जाते.

पण चांगली लाटे शोधत असाल तर नव्या कॅफेत आधी एस्प्रेसोच प्या. दुधाखाली बरंच काही झाकलं जातं, एस्प्रेसोत काहीच झाकता येत नाही. थोडी आंबट, थोडी गोड, मागून कडू, आणि गिळल्यावरही तोंडात रेंगाळणारी असेल तर तिथला माणूस लक्ष देऊन काम करतो. नुसतीच आंबट-खारट लागली तर पाणी झटकन निघून गेलंय. दळण जाड असेल, किंवा कॉफी नीट दाबली नसेल. नीट न दाबलेल्या कॉफीत पाणी वाट शोधतं, आपल्या काळ्या मातीत मे महिन्यात पडलेल्या भेगांत पहिला पाऊस सरळ खाली जातो तसं. बाजूची कॉफी कोरडीच राहते. जळकट लागून जीभ कोरडी पडली तर कॉफी फार भाजलेली आहे किंवा पाणी फार वेळ रेंगाळलं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, संपून पावसाची दमट हवा सुरू झाली की दळण पुन्हा जुळवावं लागतं. मेमध्ये छान लागलेली कॅफे जूनच्या अखेरीस बिघडलेली वाटली तर ग्राइंडरकडे कोणी पाहिलेलं नाही, असं समजायला हरकत नाही.

बियांच्या पाकिटावर भाजल्याची तारीख हवी. भाजल्यावर आठवड्याने चव बसते, महिना-दीड महिन्यानंतर उतरू लागते. आपल्याकडच्या उन्हात काचेच्या खिडकीशी ठेवलेल्या बिया त्याआधीच जातात. चिकमगळूर, कूर्ग, अराकू ही कॉफी पिकवणाऱ्या भागांची नावं पाकिटांवर दिसतील. (कॉफीची झाडं पाहायला मात्र विदर्भाबाहेर जायला नको, चिखलदऱ्याला आहेत.)

दुधाचं तंत्र कानाने कळतं. सुरुवातीला दोन-तीन सेकंद कागद फाटल्यासारखी चरचर, मग जवळपास शांत घुमणं: असं दूध रेशमी होतं, फेस वेगळा तरंगत नाही. शेवटपर्यंत किंचाळणारी नळी म्हणजे मोठे बुडबुडे किंवा जास्त तापलेलं दूध. 60 ते 65 अंशांवर दुधाची गोडी सगळ्यात चांगली लागते, सत्तरीपुढे उकळल्या दुधाचा वास येतो. चहाच्या सवयीने आपण "एकदम गरम" सांगतो, तिथे चूक बनवणाऱ्याची नसते. पहिल्यांदा तरी काही न सांगता, बिनसाखरेची प्या.

जायचंच तर सकाळी किंवा भरदुपारी जा. संध्याकाळच्या गर्दीत चांगल्या हातांचीही घाई होते. एस्प्रेसो आवडली तर त्याच माणसाकडे लाटे मागा. नाही आवडली तर दूध घालून ती सुधारणार नाही. तिथे कोल्ड कॉफी घ्या आणि लाटेसाठी दुसरं ठिकाण पाहा.