समोरचं घर दिसतं, मग वाय-फाय का पोचत नाही?

‘समोरच्या डोंगरावरची गच्ची इथून स्वच्छ दिसते, मग सिग्नल पोचणारच,’ असं बहुतेकांना वाटतं. डोंगराळ गावात सामुदायिक बिनतारी जाळं उभारताना पहिली फसगत इथेच होते.

दिसायला प्रकाशाची बारीकशी वाट पुरते. प्रकाशाची तरंगलांबी साधारण अर्धा मायक्रॉन, तर २.४ गिगाहर्ट्‌झच्या वाय-फायची साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे अडीच लाख पट मोठी. दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेच्या आजूबाजूनेही तरंग जातात आणि त्यांना थोडा लांबचा पल्ला पडतो. हा जादा पल्ला अर्ध्या तरंगलांबीच्या, म्हणजे सव्वासहा सेंटिमीटरच्या आत असेल, तोवर ते पलीकडे पोचून एकमेकांना बळ देतात. अशा सगळ्या वाटांनी व्यापलेली जागा म्हणजे पहिलं फ्रेनेल क्षेत्र. ते विटीसारखं असतं: टोकांना निमुळतं, मध्ये फुगीर.

किती फुगीर? तरंगलांबीला अंतराने गुणा, वर्गमूळ काढा, निम्मं करा; ही मध्यावरची त्रिज्या. पाच किलोमीटरसाठी ०.१२५ गुणिले ५००० म्हणजे ६२५, वर्गमूळ २५, त्रिज्या साडेबारा मीटर! हेच गणित प्रकाशासाठी केलं तर उत्तर येतं जेमतेम अडीच सेंटिमीटर. म्हणून मधल्या कड्याची धार त्या रेषेला नुसती टेकली, तरी समोरचं घर दिसत राहतं, पण वाय-फायची पोचणारी शक्ती एक चतुर्थांशावर येते. व्यवहारात या त्रिज्येचा निदान साठ टक्के भाग, इथे साडेसात मीटर, मोकळा ठेवतात. वाटेत देवदार असतील तर ते वाढणार हेही धरून चालावं लागतं. पावसाला उगाच दोष देतात; या तरंगलांबीला थेंब फारसे अडवत नाहीत, ओली पानं अडवतात.

२०२१ मध्ये फाइव्ह-जीच्या चाचण्यांमुळे कोरोना पसरतो, अशी अफवा आपल्याकडे फिरली. रेडिओ तरंग विषाणू निर्माण करत नाहीत आणि वाहूनही नेत नाहीत. जाळ्यासाठी गावकऱ्यांच्या गच्चीवर अँटेना लावायची परवानगी मागताना हे न कंटाळता सांगायला हवं.

पण मध्ये अख्खा डोंगरच असेल तर? हिमाचलातल्या धरमशालेने वळसा घेतला. जानेवारी २००५ मध्ये भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा घराबाहेरही विनापरवाना वापरायला मोकळा झाला आणि लगेच तिथे मेश जाळं उभं राहू लागलं. मेशमध्ये प्रत्येक राउटर शेजाऱ्याचा निरोप पुढे पोचवतो. नव्याने सामील होणाऱ्याला इंटरनेटचं मुख्य ठाणं दिसायची गरज नसते. जाळ्यातल्या एका तरी शेजाऱ्यापर्यंत ती विटी मोकळी मिळाली की झालं. राउटर शेजाऱ्यांशी सतत बोलत असतात, त्यामुळे एखाद्याची वीज गेली की दुसरी वाट असल्यास माहिती तिकडून वळते. वीज वारंवार जाणाऱ्या गावात हे फार मोलाचं ठरलं.

याची किंमत वेगात मोजावी लागते. राउटरला एकच रेडिओ, म्हणजे तरंग पाठवणारा-ऐकणारा भाग, असेल तर तो एकाच वेळी ऐकू आणि बोलू शकत नाही, म्हणून एक टप्पा वाढला की वेग साधारण निम्मा होतो. टोकाच्या घराला वेग हवा असेल, तर अँटेना मोठी करण्याआधी मधल्या राउटरला वेगळ्या चॅनेलवरचा, म्हणजे वेगळ्या वारंवारतेचा, दुसरा रेडिओ बसवावा.