‘निम्मे सर्च आवाजाने’: हे भाकीत आलं कुठून?

‘2020पर्यंत निम्मे सर्च बोलूनच होतील’ हे वाक्य स्मार्ट स्पीकरच्या, म्हणजे बोलून सूचना देता येणाऱ्या स्पीकरच्या, बाजाराबद्दलच्या लेखांत वर्षानुवर्षं फिरतंय. बहुतेक ठिकाणी त्याखाली इंटरनेटचा वापर मोजणाऱ्या कॉमस्कोर या संस्थेचं नाव असतं. पण मूळ भाकीत त्यांचं नाहीच.

2014 साली बायडू या चिनी सर्च कंपनीचे तेव्हाचे मुख्य शास्त्रज्ञ अँड्र्यू एन्ग एका मुलाखतीत म्हणाले होते, की पाच वर्षांत किमान निम्मे सर्च आवाजाने किंवा चित्रांवरून होतील. अमेरिकन विश्लेषक मेरी मीकर यांच्या इंटरनेटविषयीच्या 2016च्या गाजलेल्या अहवालाने ते जगभर नेलं. पुढे ‘चित्रं’ गळाली, नाव बदललं, आणि अंदाजाची आकडेवारी झाली! स्पीकरचा तर त्यात उल्लेखही नव्हता. अ‍ॅमेझॉनचा पहिला स्मार्ट स्पीकर, इको, त्या मुलाखतीनंतर, नोव्हेंबर 2014मध्ये जाहीर झाला.

स्पीकर खपले, यात वाद नाही. पण लोक त्यांना गाणी लावायला, टायमर लावायला, हवामान विचारायला वापरतात, खरेदी क्वचितच. वॉल स्ट्रीट जर्नलच्या 2024च्या वृत्तानुसार इकोसारखी उपकरणं बनवणाऱ्या अ‍ॅमेझॉनच्या विभागाला 2017 ते 2021 या काळात 25 अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. मुळात हे स्पीकर जवळपास उत्पादनखर्चातच विकले जात होते.