खाऱ्या हवेतला नमुना परिपथ

बहुतेक आयसींच्या (एका चिपमध्ये सामावलेल्या परिपथांच्या) डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, एक छोटी आकृती असते: मधोमध आयसी, भोवती दोन-तीन कपॅसिटर, एखाददुसरा रेझिस्टर आणि प्रत्येकाची ठरावीक किंमत. हा नमुना परिपथ कंपनीच्या अभियंत्यांनी काढलेला असतो आणि जसाच्या तसा जोडला तर तो बहुधा चालतोही. मात्र तो कोणत्या परिस्थितीत चालेल, हे आकृतीखालच्या बारीक अक्षरांतल्या टिपांत दडलेले असते किंवा गृहीतच धरलेले असते. आणि रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर ती परिस्थिती असेलच असे नाही.

७८०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरचेच, म्हणजे बाहेरचा वीजदाब स्थिर ठेवणाऱ्या आयसीचेच पाहा. त्याच्या आकृतीत आत येणाऱ्या बाजूला ०.३३ मायक्रोफॅरडचा आणि बाहेर जाणाऱ्या बाजूला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिसतो. ट्रान्सफॉर्मर, एसीचे डीसी करणारा डायोडचा ब्रिज आणि मोठा फिल्टर कपॅसिटर त्यात नसतातच, कारण रेग्युलेटरला पुरेसा वीजदाब मिळतो आहे असे गृहीत धरलेले असते. पुरेसा म्हणजे साधारण ७ व्होल्ट, कारण हा आयसी स्वतःसाठी जवळजवळ २ व्होल्ट राखून ठेवतो. डीपीपासून लांबच्या वाडीत विहिरीवरचा पंप सुरू झाला की २३० व्होल्टचे १६० व्हायला वेळ लागत नाही. ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर तेव्हा जेमतेम सव्वासहा व्होल्ट देतो. त्याचे शिखरमूल्य ८.८ व्होल्टच्या आसपास जाते, त्यातून ब्रिजमधले दोन डायोड १.४ व्होल्ट खातात आणि उरतात साडेसातच्याही आत. शिवाय दोन शिखरांच्या मधल्या काळात फिल्टर कपॅसिटर रिकामा होत असतो. अर्धा अँपिअर प्रवाह घेतला, तर २२०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवरचा दाब सेकंदाच्या शंभराव्या भागात ढोबळमानाने सव्वादोन व्होल्टने उतरतो. मग ५ व्होल्टची अपेक्षा कशाच्या जोरावर करायची? परिपथ चालवणारी प्रोग्रॅम केलेली चिप, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, मधूनच रीसेट होऊ लागते आणि दोष प्रोग्रॅमला दिला जातो.

१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बसवला की ही अडचण सुटते, पण तिची भरपाई उष्णतेच्या रूपाने करावी लागते. वीजदाब पुरता २३० असताना रेग्युलेटरपाशी १५ व्होल्टच्या आसपास दाब पोहोचतो, म्हणजे अर्ध्या अँपिअरला सुमारे ५ वॅट निव्वळ उष्णतेत जातात. हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नसेल, तर नेहमीच्या तीन पायांच्या या आयसीचे आतले तापमान दर वॅटमागे सुमारे ६५ अंशांनी चढते, त्यामुळे तो स्वसंरक्षणासाठी बंद पडणार हे ठरलेलेच. हीट सिंकचा आकारही मे महिन्यातल्या बंद पत्र्याच्या पेटीचा विचार करूनच निवडावा. विजांच्या दिवसांत आत येणाऱ्या तारांवर दाबाचे झटके शोषणारा व्हॅरिस्टर हवा, हे वेगळे सांगायला नको.

दाब बदलता येणाऱ्या एलएम३१७ या रेग्युलेटरची गोष्ट अधिक गमतीची आहे. दोन रेझिस्टरांच्या गुणोत्तरावरून दाब ठरतो. पहिला २४० ओहमचा आणि दुसरा ७२० ओहमचा घेतला, की १.२५ गुणिले ४, म्हणजे बरोबर ५ व्होल्ट. हा २४०चा आकडा जिकडेतिकडे उतरवला जातो. वास्तविक तो एलएम११७ या त्याच्या महागड्या भावाला शोभतो, ज्याला किमान ५ मिलिअँपिअर भार (त्यातून घेतला जाणारा प्रवाह) पुरतो. एलएम३१७ला १० मिलिअँपिअरपर्यंत लागू शकतात. भार काढून ठेवला आणि दाब आपोआप वर चढलेला दिसला, तर पहिला रेझिस्टर १२० ओहमचा करावा आणि दुसराही त्याच प्रमाणात घटवावा.

किनाऱ्यावर खरी परीक्षा होते ती सेन्सरच्या परिपथांची. शुद्ध मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की बाष्प ओढून स्वतःच विरघळते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते तर ३३ टक्क्यांनाच पाणी धरते. म्हणजे सर्किट बोर्डवर बसलेला क्षारांचा थर पावसाळ्यात ओला असतोच, पण एरवीही फारसा कोरडा होत नाही, आणि ओला थर वीज वाहून नेतो.

समजा, आंब्याच्या बागेत बॅटरीवर चालणारे तापमान नोंदवणारे यंत्र आहे. बॅटरीचा दाब मोजण्यासाठी नमुना परिपथात १ मेगओहमचे दोन रेझिस्टर असतात, म्हणजे वीज कमी खर्च होते. खालच्या रेझिस्टरला समांतर असा क्षारांचा १ मेगओहमचा मार्ग तयार झाला, तर ३.७ व्होल्टची बॅटरी यंत्राला जवळपास अडीच व्होल्टची भासते आणि बॅटरी संपली असे समजून ते भरलेल्या बॅटरीवरही झोपी जाते. दोन्ही रेझिस्टर १०० किलोओहमचे केले, की तीच गळती असतानाही वाचन साडेतीनच्या वर राहते. जादा खर्च होतो तो वर्षाकाठी दीडशे मिलिअँपिअर-तासांच्या आसपास. माझ्या मते हा सौदा स्वस्त आहे.

टाकीतल्या पाण्याची पातळी ओळखणाऱ्या दोन सळ्यांच्या परिपथाचेही असेच. एकाच दिशेने प्रवाह सोडला, तर धन बाजूची सळी विद्युत-अपघटनाने झिजते आणि किनाऱ्याजवळच्या विहिरींचे मचूळ पाणी ही झीज आणखी वाढवते. मायक्रोकंट्रोलरच्या दोन पिना आलटून पालटून धन-ऋण कराव्यात आणि मोजमाप झाल्याबरोबर प्रवाह तोडावा.

बोर्डवर लॅकरचा (संरक्षक वार्निशचा) थर देणे हा सर्वपरिचित उपाय आहे, पण त्याआधी सोल्डरिंगचा फ्लक्स आणि बोटांचा घाम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बोर्ड नीट वाळवावा लागतो. तसे केले नाही, तर लॅकरखाली अडकलेले क्षार, थरातून हळूहळू झिरपणारे बाष्प आणि तांब्याच्या रेषा यांचा गंज आतल्या आत सुरू राहतो आणि तो पुसायलाही जागा उरत नाही.