रॅस मासा, खोल पाण्यातील

लॅब्रिडी कुलातील सागरी मासे. कुलात ५०० हून अधिक जाती आहेत. बहुतेक जाती उथळ प्रवाळांत व खडकांत राहतात, म्हणून साधारण ४० मी.च्या खालच्या जातींनाही ‘खोल पाण्यातील’ म्हणण्याचा प्रघात आहे.

खानदेशातील तापी, गिरणा, पांझरा या नद्यांत हे कुल नाही. तरी त्यांची ठेवण समजण्यासाठी धुळे-जळगावच्या बाजारातली चिलापी (टिलापिया, सिक्लिडी कुलातील मासा) उजेडात धरून पाहावी. कल्ल्यामागून निघालेली पार्श्विक रेखा (अंगाच्या बाजूवरची संवेदक रेषा) पृष्ठपक्षाच्या (पाठीवरच्या पराच्या) शेवटाखाली तुटते आणि खाली शेपटीच्या मध्यावर पुन्हा सुरू होते. सिऱ्हिलॅब्रस या रॅस वंशातही ती अशीच खंडित असते. चिलापीच्या घशातील खालची हाडे जुळून एकच दातेरी पट्टी झालेली असते, रॅसमध्येही तसेच. या जबड्यावरूनच दोन्ही कुले पूर्वी ‘लॅब्रॉइडी’ या एका उपगणात घालत. डीएनए-अभ्यासांनंतर मात्र असा जबडा स्वतंत्रपणे एकाहून अधिक वेळा उत्क्रांत झाला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. रेखेतील साम्यही नात्याचा पुरावा मानू नये.

जाती ठरवताना रंग फसवतो. अनेक रॅस आधी मादी असतात व पुढे नर होतात. लिंगाबरोबर रंगही पालटतो. एकाच जातीच्या नर-मादीला त्यामुळे पूर्वी वेगळी नावे मिळाली आहेत. म्हणून पक्षांतील (परांतील) कठीण काटे आणि मऊ किरण मोजतात : सिऱ्हिलॅब्रसच्या पृष्ठपक्षात बहुधा ११ काटे व ९ मऊ किरण असतात. खवल्यांची संख्या आणि प्रत्येक काट्याची उंचीही नोंदवावी लागते.

मालदीवचे उदाहरण बोलके आहे. १९८३ मध्ये हिंदी महासागरातील चागोस बेटांवरील एकाच पिलावरून सि. (सिऱ्हिलॅब्रस) रुब्रिस्क्वामिस ही जाती वर्णिली गेली. सुमारे १,००० किमी. उत्तरेला मालदीवमध्ये १९९० च्या दशकात मिळालेले मासे तिचेच प्रौढ समजले गेले. पिले व प्रौढ दोन्ही ताडून पाहिल्यावर २०२२ मध्ये ती निराळी जाती ठरली : सि. फिनिफेन्मा, ४० ते ७० मी. खोलीवरची. मालदीवच्या धिवेही भाषेत ‘फिनिफेन्मा’ म्हणजे गुलाब. वर्णनकर्त्यांत मालदीवचे अहमद नजीब होते. त्या देशातील संशोधकाने वर्णिलेला हा तेथील पहिला मासा. नाव मिळण्याआधीच तो शोभेच्या माशांच्या व्यापारात विकला जात होता, ही खेदाची बाब आहे.

जतनद्रव्यात रंग उडतो. नमुना ताजा असतानाच, पक्ष पसरून, छायाचित्र घ्यावे.