आधी विमा, मग नाटक: युक्रेनी अमेरिकेची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या युक्रेनी संस्थांचा इतिहास सहसा चर्चपासून सांगतात. पैशाचा माग काढला, तर तो पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा खाणींत जातो. १८७० च्या दशकापासून ऑस्ट्रिया-हंगेरीच्या गॅलिशिया आणि कार्पेथियन पट्ट्यातून (आजचा पश्चिम युक्रेन आणि आसपासचा भाग) आलेले लोक तिथे राबत होते. तेव्हा ते स्वतःला रुसिन म्हणवत. खाणीत छत कोसळून माणूस गेला, तर मालक भरपाई देईलच याची खात्री नव्हती. म्हणून वर्गणीतून अंत्यविधीचा आणि विधवेचा खर्च उचलणारी मंडळं निघाली. पहिलं मंडळ पेनसिल्व्हेनियातल्याच शेनांडोआत १८८५ मध्ये, फादर इव्हान वोल्यान्स्कींच्या पुढाकाराने.

गावापुरत्या मंडळाची अडचण उघड होती: एकाच अपघातात चार-पाच सभासद गेले की पेटी रिकामी. त्यावर उपाय म्हणून २२ फेब्रुवारी १८९४ रोजी त्याच राज्यातल्या शमोकिनमध्ये मंडळांचा संघ झाला. १९१४ मध्ये त्याच्या नावात ‘युक्रेनी’ आलं. पण त्या काळच्या अशा निधींत आणखी एक खोट असे. विशीतला आणि पन्नाशीतला सभासद सारखीच वर्गणी भरी. तरुणांना ते परवडेनासं झालं की ते बाहेर पडत, म्हातारे उरत आणि वर्गणी वाढत जाई. वयाप्रमाणे हप्ता आणि कायम राखीव निधी आल्यावरच असे निधी टिकले.

राखीव निधी साचल्यावर बाकीचं जमलं. ‘स्वोबोदा’ हे १८९३ मध्ये जर्सी सिटीत सुरू झालेलं पत्र संघाचं मुखपत्र झालं. इथे जन्मलेली पिढी युक्रेनी वाचेना, म्हणून ऑक्टोबर १९३३ मध्ये इंग्रजी ‘युक्रेनियन वीकली’ निघालं. गावोगावच्या ‘नारोद्नी दीम’मध्ये, म्हणजे लोकांच्या सभागृहात, नाटक, गायनवृंद, वाचनालय असे. चर्चच्या तळघरात बायका वारेनिकी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, करून विकत आणि इमारतीचा खर्च काढत. हे आजही चालतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या निर्वासितांना अमेरिकेत येऊ देणाऱ्या १९४८ च्या कायद्यानंतर आलेली लाट वेगळी होती: शिक्षक, वकील, कलावंत. त्यांनी प्लास्त ही स्काउट संघटना आणि शेवचेन्को विद्वत्परिषद सोबत आणली आणि युक्रेनी शिकवणाऱ्या शनिवारच्या शाळांना जोर दिला. संघाने १९५२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात केरहॉन्कसनला सोयुझिव्का हे सुटीचं ठिकाण विकत घेतलं. मुलांची शिबिरं आणि लोकनृत्य तिथे रुजलं.

पुढे नोकरीसोबतच विमा मिळू लागला आणि संघाकडे येण्याचं मूळ कारण विरलं. ‘स्वोबोदा’ १९९८ मध्ये दैनिकाचं साप्ताहिक झालं. २०२२ च्या रशियन आक्रमणानंतर बरेच जण दोन वर्षांच्या तात्पुरत्या परवान्यावर आले. त्यांना आधी काम आणि भाड्याची जागा हवी असते, दीर्घ मुदतीची पॉलिसी नव्हे.