बिघाड दस्तऐवजात की प्रिंटरमध्ये? वर्डमधून छापताना दोन दोष वेगळे कसे ओळखावेत

छापून आलेला कागद मनासारखा नसला की पहिला संशय प्रिंटरवर जातो, कारण डोळ्यांसमोर तोच असतो. प्रत्यक्षात वर्डसारख्या लेखन-सॉफ्टवेअरमधून होणाऱ्या छपाईत दोन वेगळ्या जातींचे दोष असतात. एक दोष दस्तऐवजाच्या मांडणीत असतो आणि तो फाइलबरोबर एका संगणकावरून दुसऱ्यावर जातो. दुसरा दोष मांडणी झालेले पान कागदापर्यंत नेणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे ड्रायव्हर, छपाईची रांग, जोडणी आणि स्वतः यंत्र यांत असतो, आणि तो त्या जागेवरच राहतो. कागदावर दोघांची लक्षणे पुष्कळदा सारखीच दिसतात. उपाय मात्र पूर्णपणे वेगळे असतात. देवस्थानच्या आमसभेची नोटीस, पंचायतीचा ठराव किंवा भजनी मंडळाची कार्यक्रमपत्रिका वेळेत हवी असताना चांगल्या प्रिंटरचा ड्रायव्हर काढून पुन्हा बसवण्यात दुपार घालवणे, किंवा यंत्राच्या दोषापायी नीट बसलेला मजकूर मोडून ठेवणे, या दोन्ही गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत, आणि त्या टाळायलाच हव्यात असे मला वाटते.

आपण कंट्रोल आणि पी दाबतो तेव्हा काय घडते, ते आधी पाहू. वर्ड प्रथम पान आखते: समास, ओळी, फॉन्ट, चित्रे, कागदाचा आकार. हे आखलेले पान ड्रायव्हर प्रिंटरला कळेल अशा आज्ञांत बदलतो. त्या आज्ञा स्पूलर नावाच्या सेवेच्या रांगेत उभ्या राहतात आणि तेथून तारेने किंवा वायफायने यंत्रात पोहोचतात. विभागणीची रेघ वर्ड आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये ओढावी. रेघेच्या अलीकडचा दोष पूर्वदृश्यातही (प्रिंट प्रिव्ह्यूत) दिसतो. पलीकडचा दोष पूर्वदृश्यात सहसा दिसत नाही, तो कागदावरच उमटतो.

म्हणून पहिली चाचणी पीडीएफची. दस्तऐवज ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ म्हणून साठवावा आणि ती पीडीएफ त्याच प्रिंटरवर छापावी. पीडीएफ पडद्यावरच चुकीची दिसली, तर प्रिंटरला हात लावण्याचे कारण नाही. पीडीएफ पडद्यावर बरोबर असून कागदावर चुकली, तर दोष रेघेच्या पलीकडे आहे. पीडीएफ कागदावरही बरोबर आली आणि वर्डमधून थेट छापलेले पान तेवढे चुकले, तर वर्ड आणि ड्रायव्हर यांच्यातील देवाणघेवाणीकडे पाहावे. विंडोज १० पासून प्रिंटरांच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ असे एक नाव दिसते, ते या चाचणीसाठी वापरू नये, कारण ती पीडीएफ छपाईच्या यंत्रणेतूनच तयार होते, तर ‘सेव्ह ॲज’ची पीडीएफ वर्ड स्वतः तयार करते.

पलीकडची बाजूही टप्प्याटप्प्याने तपासता येते. बहुतेक प्रिंटर स्वतःच्या बटणांवरून, संगणकाशिवाय, एक चाचणी-पान छापतात. ते चांगले आले तर यंत्र शाबूत आहे. मग विंडोजमधून प्रिंटरच्या गुणधर्मांतील ‘प्रिंट टेस्ट पेज’ छापावे. तेही आले तर ड्रायव्हर आणि जोडणी चालू आहेत. शेवटी नोटपॅडमध्ये दोन ओळी लिहून छापाव्यात. तिन्ही पाने व्यवस्थित आली आणि वर्डचे पान तेवढे आले नाही, तर पुन्हा अलीकडे यावे.

दस्तऐवजाचा दोष प्रिंटरच्या माथी मारला जाण्याचे सर्वांत नेहमीचे उदाहरण कागदाच्या आकाराचे आहे. आपल्याकडे ट्रेमध्ये ए४ कागद असतो, २१० × २९७ मिलिमीटरचा. अमेरिकेतून आलेली, किंवा अमेरिकी साच्यावरून तयार केलेली फाइल मात्र सहसा लेटर आकाराची असते, २१५.९ × २७९.४ मिलिमीटरची. फरक डोळ्यांना जाणवत नाही, प्रिंटरला मात्र जाणवतो. पुष्कळदा तो थांबतो, दिवा लुकलुकतो आणि पडद्यावर लेटर कागद घालण्याची सूचना येते. माणूस ट्रे उघडतो, कागद नीट लावतो, यंत्र बंद करून चालू करतो. रांगेतले काम तसेच असल्यामुळे प्रिंटर पुन्हा थांबतो. येथे यंत्र सांगितलेले काम चोख करत असते. उपाय वर्डच्या ‘लेआउट’ पट्टीवरील ‘साइझ’मध्ये आहे.

त्यातही एक बारकावा आहे. वर्डमध्ये दस्तऐवजाच्या प्रत्येक विभागाला (सेक्शनला) स्वतःचा कागद असू शकतो. दुसऱ्याच्या फाइलमधून पाने आणून चिकटवली की त्यांचा विभागही कधीकधी सोबत येतो, आणि मग पहिली दोन पाने सुरळीत छापून प्रिंटर तिसऱ्यावर अडतो. अशा वेळी ‘पेज सेटअप’ची चौकट उघडून आकार बदलताना खालच्या बाजूस ‘होल डॉक्युमेंट’ निवडावे, नाहीतर बदल चालू विभागापुरता होतो. त्याच चौकटीत पहिले पान कोणत्या ट्रेमधून आणि उरलेली कोणत्या, हेही ठरवलेले असते. कार्यालयातल्या दोन ट्रेंच्या यंत्रासाठी केलेली फाइल घरच्या एका ट्रेच्या यंत्रावर अडते, ती बऱ्याचदा याच कारणाने.

कोऱ्या पानाची गोष्ट अशीच फसवी आहे. शेवटी एक कोरे पान येत असेल आणि दस्तऐवज तक्त्याने संपत असेल, तर तक्त्यानंतर वर्डला एक रिकामा परिच्छेद ठेवावाच लागतो आणि तो पुढच्या पानावर घसरलेला असतो. त्याचा आकार १ पॉइंट केला की पान नाहीसे होते. मधेच कोरे पान येत असेल, तर विषम पानावर सुरू होणारा विभाग शोधावा. एकही अक्षर नसलेली सगळीच पाने बाहेर येत असतील, तर मात्र टोनर किंवा शाईकडे पाहावे. पानाच्या कडेला टिपा आणि लाल दुरुस्त्या उमटत असतील, तर तो दस्तऐवजाचा भाग आहे. छपाईच्या ‘सेटिंग्ज’मधील ‘प्रिंट मार्कअप’ची खूण काढावी.

फॉन्टच्या बाबतीत हा गोंधळ मराठी माणसाच्या वाट्याला इतरांपेक्षा जास्त येतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. गोव्यातल्या अनेक संस्थांचे जुने मराठी दस्तऐवज, महाजनांच्या याद्या, स्मरणिका, शाळांची पत्रे, श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएम यांसारख्या प्रणालींच्या जुन्या फॉन्टांत केलेले आहेत. या फॉन्टांत मराठी अक्षराचे चित्र रोमन अक्षरांच्या किंवा चिन्हांच्या जागी बसवलेले असते. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही, तेथे फाइल उघडली की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते, आणि तशीच ती छापली जाते. हा दस्तऐवजाचा दोष आहे. ड्रायव्हर कितीही वेळा बदलला तरी ती खिचडी जाणार नाही. एकतर तो फॉन्ट बसवावा किंवा मजकूर योग्य परिवर्तकाने युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र जागा देणाऱ्या प्रमाणित पद्धतीत, आणावा. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत, आणि विंडोजमधले मंगल, कोकिळा, निर्मला यांसारखे फॉन्ट त्याच वापरतात. त्यामुळे फॉन्ट बदलला तरी अक्षर अक्षरच राहते. ‘दऱ्या’ टंकताना तो ‘दर्या’ झाला, तर तीही टंकनातलीच चूक असते, छपाईतली नव्हे.

याच्या नेमके उलटही घडते. पडद्यावर मराठी स्वच्छ दिसते, पीडीएफ बिनचूक असते, पण वर्डमधून छापलेल्या कागदावर अक्षरांऐवजी चौकोन येतात, किंवा वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटतात. हा ड्रायव्हरचा दोष. काही ड्रायव्हर पडद्यावरचा फॉन्ट पूर्णपणे पाठवण्याऐवजी प्रिंटरच्या पोटातला एखादा फॉन्ट वापरून काम भागवू पाहतात, आणि त्या पोटात देवनागरी नसते. प्रिंटरच्या प्रगत पर्यायांत संगणकावरचा ट्रूटाइप फॉन्ट सॉफ्ट फॉन्ट म्हणून प्रिंटरमध्ये उतरवण्याचा, किंवा मजकूर चित्ररूपाने पाठवण्याचा पर्याय असेल तर तो निवडावा. नसेल तर पीडीएफवरून, तिच्या छपाईच्या प्रगत पर्यायांत ‘प्रिंट ॲज इमेज’ निवडून छापावे. खिचडी पडद्यावर आहे की फक्त कागदावर, हा एक प्रश्न विचारला तरी या दोन दोषांमध्ये गल्लत होणार नाही.

अगम्य चिन्हांचा तिसरा प्रकारही आहे: प्रिंटर पानामागून पान बाहेर टाकतो आणि प्रत्येकावर दोन-चार ओळी विचित्र आज्ञांच्या, पहिल्या पानावर बहुधा टक्क्याचे चिन्ह, उद्गारचिन्ह आणि ‘पीएस’ ही अक्षरे. ही पोस्टस्क्रिप्ट भाषेतली आज्ञावली असते. ड्रायव्हर पोस्टस्क्रिप्टचा आणि यंत्राला ती भाषा येत नाही, म्हणून ते आज्ञाच मजकूर समजून छापते. येथे मात्र त्या यंत्राचाच ड्रायव्हर शोधून बसवणे हाच उपाय.

यंत्रणेच्या बाकीच्या दोषांपैकी दोन आपल्या हवामानाशी आणि विजेशी बांधलेले आहेत. पावसाळ्यात वीज गेली आणि परत आली की राउटर नव्याने सुरू होतो आणि वायफायवरच्या प्रिंटरला कधीकधी नेटवर्कवरचा नवा पत्ता देतो. विंडोजमध्ये नोंदलेला पत्ता जुनाच असतो, म्हणून प्रिंटर चालू असूनही ‘ऑफलाइन’ दिसतो. राउटरमध्ये त्या प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवला की हा त्रास उरत नाही. अडकलेल्या कामांसाठी सर्व्हिसेसच्या यादीतील ‘प्रिंट स्पूलर’ थांबवावा, विंडोजच्या सिस्टम३२ मधील ‘स्पूल’ फोल्डरातल्या ‘प्रिंटर्स’मधील फाइली पुसाव्यात आणि सेवा पुन्हा सुरू करावी. एकाच संगणकावरून अनेकजण छापत असतील तर आधी विचारावे, कारण त्यांची रांगेतली कामेही जातात. काहीच छापले जात नसेल, तर विंडोजने शेवटी वापरलेला भलताच प्रिंटर मुख्य ठरवलेला नाही ना, हेही पाहावे. तो पर्याय बंद करता येतो.

दुसरा दोष कागदाचा. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गोव्याच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर उघडा राहिलेला कागद हवेतली ओल शोषून घेतो. मग दोन कागद एकदम ओढले जातात, लेझर प्रिंटरच्या उष्णतेने ते वळतात, आणि टोनर नीट न चिकटल्याने अक्षर बोटाने पुसले जाते. अशा वेळी पुष्कळजण वर्डमध्ये अक्षर ठळक करतात, समास बदलतात. तसे करू नये. रीम तिच्या वेष्टनातच ठेवावे, लागेल तेवढाच कागद काढावा आणि रात्री ट्रेमध्ये गठ्ठा सोडू नये. अक्षर नुसतेच फिके असेल, तर मात्र वर्डच्या ‘ॲडव्हान्स्ड’ पर्यायांतील ‘यूज ड्राफ्ट क्वालिटी’ची खूण आणि ड्रायव्हरमधील टोनर-बचत या दोन्ही जागा पाहाव्यात. उभ्या पट्ट्यात फिके असेल, किंवा ठरावीक अंतरावर तोच डाग पुन्हा पुन्हा येत असेल, तर टोनर, ड्रम किंवा रोलर.

अलीकडच्या बाजूलाही एक पोटभेद उरतो: दोष त्या एका फाइलचा की वर्डचाच? नव्या दस्तऐवजात चार ओळी लिहून छापाव्यात. त्या छापल्या गेल्या तर फाइल बिघडलेली आहे. तिची थोडी थोडी पाने छापून अडखळणारे पान शोधावे. तेथे बहुधा एखादे जड किंवा खराब चित्र असते. ते सापडले नाही तर शेवटचे परिच्छेदचिन्ह वगळून सगळा मजकूर नव्या फाइलमध्ये न्यावा, कारण वर्ड शेवटच्या विभागाची मांडणी त्या शेवटच्या चिन्हात साठवते आणि तेथला बिघाडही त्याच्याबरोबर येतो. नव्या फाइलमधूनही छपाई होत नसेल, तर कंट्रोल दाबून धरून वर्ड उघडावे म्हणजे ते सेफ मोडमध्ये, जोडलेल्या पूरक सोयींशिवाय, सुरू होते. तेथे छपाई झाली तर अशी एखादी पूरक सोय (ॲड-इन) किंवा नव्या दस्तऐवजांचा बिघडलेला मूळ साचा कारणीभूत आहे.

आता ज्या दोषांत दोन्ही बाजू गुंतलेल्या असतात त्यांच्याविषयी. वर वर्ड आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये रेघ ओढली खरी, पण पान आखताना वर्ड निवडलेल्या प्रिंटरचीही माहिती घेते. म्हणूनच घरी चार पानांत बसलेला मजकूर पेनड्राइव्हवरून म्हापशातल्या किंवा फोंड्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात नेला की पाचव्या पानावर दोन ओळी सांडतात. तेथे फॉन्ट वेगळा असतो, प्रिंटर वेगळा असतो, कधी वर्डची आवृत्तीही वेगळी असते, आणि दुकानदाराचा यात काही दोष नसतो. दुकानात नेहमी पीडीएफच न्यावी, आणि ती छापताना आकार ‘ॲक्चुअल साइझ’ ठेवण्यास सांगावे. ‘फिट’ ठेवल्यास अर्जावरचे रकाने आणि मोजमापे किंचित आक्रसतात.

पानाच्या चौकटीचेही तसेच. आमंत्रणपत्रिकेला किंवा प्रमाणपत्राला वर्डमधून चौकट घातली, पडद्यावर चारही बाजू दिसल्या, आणि कागदावर खालची रेघच आली नाही, हा अनुभव फार जणांचा आहे. वर्ड ही चौकट मुळात कागदाच्या कडेपासून २४ पॉइंटांवर, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरवर आखते. बहुतेक प्रिंटरांना कडेची काही पट्टी छापताच येत नाही, आणि काही इंकजेट यंत्रांत खालची पट्टी त्याहून रुंद असते. दस्तऐवज चुकीचा नाही आणि यंत्रही बिघडलेले नाही. दोघांच्या मापांचा मेळ बसलेला नाही. यंत्राची पट्टी बदलता येत नाही, म्हणून बदल दस्तऐवजात करावा: ‘बॉर्डर्स अँड शेडिंग’च्या चौकटीत ‘पेज बॉर्डर’खालील ‘ऑप्शन्स’ उघडावेत, अंतर कडेपासून मोजण्याऐवजी मजकुरापासून मोजण्याचे निवडावे, आणि खालचा समास थोडा वाढवून आधी एकच प्रत छापून पाहावी.